दाखल्यावर 'भारतीय', हातात आरसी, मग पोरगी नक्की कुठल्या देशाची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या शेजारी एक तिबेटी कुटुंब राहतं. वडील थंडीत स्वेटर विकायला मुंडगोडहून, म्हणजे कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीतून यायचे, पुढं सोलापुरातच राहिले. त्यांचा जन्म १९८४ चा, मुंडगोडचा. मुलगी २००९ ला इथंच सिव्हिलमध्ये जन्मली, दहावी मराठी माध्यमातून केली, आता अकरावीच्या फॉर्मात नॅशनॅलिटीचा रकाना आला आणि घरात गोंधळ उडाला, कारण शाळेच्या दाखल्यावर 'भारतीय' लिहिलंय आणि पोलिसांकडं गेल्यावर सांगतात की सोळा पूर्ण झाली, आता हिची आरसी, म्हणजे परदेशी माणसाचं नोंदणी प्रमाणपत्र, काढा. तुम्ही विचारलंय की ही पोरगी स्टेटलेस, म्हणजे कुठल्याच देशाची नागरिक नसलेली, आहे का, आणि एक एजंट म्हणतोय की आईचं मतदार कार्ड काढून देतो, मग त्यावरून मुलीचं सगळं होतंय, तर द्यायचे का पैसे.

एजंटचं आधी सांगतो. देऊ नका, आणि त्यांनाही देऊ देऊ नका. मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ मध्ये मी भारताचा नागरिक आहे असं सही करून लिहून द्यावं लागतं, ते खोटं निघालं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे, उद्या खरा रस्ता धरून अर्ज करायला गेलात की समोरचा अधिकारी पहिल्यांदा तो खोटा कागदच बाहेर काढतो आणि मग खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मी सोलापुरात वकिली करतो, पासपोर्ट, जन्मनोंद, नागरिकत्व असली कामं बरीच वर्षं करतोय, आणि चांगली भक्कम केस अशा एका कार्डानं अडकलेली बघितलीये.

आता मुद्दा. तुम्ही मुलीचं सगळं लिहिलंत, वडिलांचंही लिहिलंत, पण आईचा जन्म कधीचा आणि कुठला हे लिहिलंच नाही. या प्रकरणात सगळं तिथंच येऊन थांबतंय. का ते सांगतो, जरा धीरानं वाचा.

निर्वासित असणं आणि स्टेटलेस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्वासित म्हणजे जो आपल्या देशात परत जाऊ शकत नाही, पण त्याला देश असू शकतो. स्टेटलेस म्हणजे जगातला एकही देश आपल्या कायद्यानं ज्याला 'हा आमचा' म्हणत नाही असा माणूस, १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारात साधारण हीच व्याख्या आहे. माणूस सीमा ओलांडतो त्या दिवशी बहुतेक वेळा तो स्टेटलेस नसतो. ते होतं नंतर, हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत. पोरं इथं जन्मतात, मूळ देशाच्या दूतावासात नोंद करायला कोण जाणार, ज्याच्या भीतीनं पळून आलो त्याच्याच दारात जायचं काय, आणि इकडं राहत्या देशाचा कायदा म्हणतो की नुसतं इथं जन्मून चालणार नाही. दोन्हीकडची दारं अशी एकेक करून बंद होत जातात आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही, कारण पोरं शाळेत जातायत, दुकान चालतंय, सगळं नीट दिसतंय. कळतं ते सोळाव्या नाहीतर अठराव्या वर्षी, कुठल्यातरी फॉर्मात.

तिसरी एक गोष्ट सोलापूरकरांनी यात मिसळू नये. आपल्याकडं सेटलमेंट भागात, पारधी वस्त्यांवर अशी कितीतरी माणसं आहेत की ज्यांच्याकडं जन्माचा कागद नाही, रेशन कार्ड नाही. ती स्टेटलेस नाहीत, ती या देशाची नागरिकच आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत कागद पोचलेला नाही. तिबेटी कुटुंबाचं बऱ्याचदा उलटं असतं, कागदांची फाईल जाडजूड असते, आरसी असते, प्रवासाला पिवळं आयडेंटिटी सर्टिफिकेट असतं, आधार असतं, आणि एवढं असूनही नागरिकत्वाचा प्रश्न उघडाच असतो. आधार तर नागरिकत्वाचा पुरावा नाहीच हे २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट आहे, तो इथं राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळतो. आणि दाखल्यावरचं 'भारतीय' हे बहुतेक शाळांत सवयीनं लिहिलं जातं, त्यात घरच्यांचा काही गुन्हा नाही, पण त्यावर विसंबून राहण्यासारखंही ते नाही.

आता कायदा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ३ जन्मतारखेवर चालतं. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक, आईवडील कुठले का असेनात, राजदूतांची मुलं वगैरे एक-दोन अपवाद सोडून. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मला असेल तर आई किंवा वडील यातलं कोणीतरी एक नागरिक पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून पुढं दोघंही नागरिक पाहिजेत, नाहीतर एक नागरिक आणि दुसरा अवैध स्थलांतरित नसलेला पाहिजे. एकाच घरातली तीन भावंडं या तीन खिडक्यांत पडून तिघांचं वेगवेगळं होऊ शकतं, इतका हा तारखेचा खेळ आहे.

म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांपैकी वडील, १९८४, मुंडगोड, कर्नाटक, हे कायद्यानं भारतीय नागरिक आहेत. आजही आहेत, त्यांना स्वतःला माहीत नसलं तरी. हे माझं मत नाही, दिल्ली हायकोर्टानं २०१० मध्ये नामग्याल डोलकर या भारतात जन्मलेल्या तिबेटी बाईंच्या केसमध्ये हेच सांगितलंय, त्यांचा जन्म १९८६ चा होता. २०१६ ला त्याच कोर्टानं परत सांगितलं की या तारखांत जन्मलेल्या तिबेट्यांना पासपोर्ट नाकारता येणार नाही. निवडणूक आयोगानं तर २०१४ लाच अशा लोकांची नावं मतदार यादीत घ्या म्हणून कळवलं होतं. म्हणजे बघा, वडिलांचं मतदार कार्ड सरळ मार्गानं निघू शकतं आणि एजंट आईच्या कार्डाचे पैसे मागतोय.

मुलगी २००९ ची, म्हणजे तिसऱ्या खिडकीत. वडील नागरिक धरले की उरली आई.

आई भारतात १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेली असेल, बायलकुप्पे असो, धरमशाला असो, आपल्याच गोंदिया जिल्ह्यातली नोरग्येलिंग वसाहत असो, तर तीही नागरिक, आणि मुलगी जन्मापासून भारतीय. अर्जबिर्ज काही नाही, फक्त सिद्ध करायचं. आई भारतात पण १९८७ नंतर जन्मली असेल तर लगेच हात टेकू नका, तिच्या आईवडिलांकडं जा, म्हणजे मुलीच्या आजोळी. दलाई लामा मार्च १९५९ ला भारतात आले, त्यांच्या मागोमाग आलेल्या लोकांना साठच्या दशकात इथं पोरं झाली, तर आजी किंवा आजोबा १९६५-६६ चे भारतात जन्मलेले असू शकतात. तसं असेल तर आजी नागरिक, त्यामुळं आई नागरिक, त्यामुळं मुलगी नागरिक. ही साखळी बरेच जण तपासतच नाहीत. आणि आजी-आजोबाही तिबेटात जन्मलेले निघाले तर मग आई नागरिक नाही, पण ती अवैध स्थलांतरित आहे का हा पुढचा प्रश्न. कायद्यातली व्याख्या वैध कागदाशिवाय भारतात आलेल्या किंवा परवानगीपेक्षा जास्त राहिलेल्या परदेशी माणसाची आहे, जी इथंच जन्मली ती 'आली' कधी, असा युक्तिवाद करता येतो आणि माझ्या मते तो मजबूत आहे, पण प्रत्येक टेबलावर तो मान्य होईलच असं मी तुम्हाला लिहून देणार नाही.

आई स्वतः डोंगर ओलांडून नेपाळमार्गे आलेली असेल तर सगळ्यात अवघड. ती कशी आली, तेव्हा तिच्याकडं नेपाळमधल्या आपल्या दूतावासाचं स्पेशल एन्ट्री परमिट होतं का, ते तिनं जपून ठेवलंय का, यावर ठरतं. कागद नसताना आली असेल तर कलम ३ चं दार मुलीसाठी जवळजवळ बंद होतं, वडील नागरिक असूनही. पोरीची यात काय चूक, असं तुम्हाला वाटेल, मलाही दरवेळी वाटतं.

इथं एक नाजूक गोष्ट बोलतो. काही जणांच्या आरसीवर जन्मठिकाण भारतातलं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात माणूस तिबेटातून आलेला असतो, कारण एका काळात उशिरा आलेल्यांना आरसी मिळत नव्हती आणि कोणीतरी तसं लिहून मार्ग काढला. शेजारी असेल म्हणून हे तुम्ही खोदून विचारू नका. पण त्यांना एवढं सांगा की वकिलाला पहिल्या दिवशीच खरं सांगायचं. मला खरं माहीत असेल तर मी दुसरा रस्ता शोधतो, अर्ध्यात कळलं तर रस्ताच उरत नाही.

मग आईचं अवघड निघालं तर काय. इथं वडिलांचा उपयोग होतो. कलम ५(१)(घ) मध्ये नागरिकांच्या अल्पवयीन मुलांची नोंदणी करून नागरिकत्व देता येतं, पण तिथं आई-वडील दोघंही नागरिक आहेत का हे विचारलं जाऊ शकतं, आणि कलम ५(४) मध्ये विशेष परिस्थितीत केंद्र सरकार कुठल्याही अल्पवयीन मुलाची नोंदणी करू शकतं. दोन्हीत महत्त्वाचं म्हणजे मूल अल्पवयीन पाहिजे. पोरगी आत्ता सोळा पूर्ण आहे. अठरा झाली की हे दोन्ही मार्ग संपले आणि मग उरतं कलम ६, नॅचरलायझेशन, म्हणजे अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं इथं राहिल्याचा पुरावा, वगैरे. तिच्याकडं शाळेचे कागद आहेत म्हणून तेही जमेल, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा यायला लागते ती अट तर तिची मराठी ऐकूनच पूर्ण होईल, पण तिथं 'अवैध स्थलांतरित' हा आक्षेप परत येऊ शकतो आणि वर्षं जातात. म्हणून मी सांगतो की दोन वर्षांच्या आत काम हलवा.

त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी मुलीचा अर्ज घेऊन कलेक्टर ऑफिसला पळतात. आधी वडिलांचं पक्कं करा. वडिलांचा भारतीय पासपोर्ट हातात आला की मुलीच्या अर्जातला 'वडील नागरिक आहेत' हा मुद्दा वादाचा राहत नाही. नाहीतर एकाच फाईलमध्ये दोन माणसांचं नागरिकत्व सिद्ध करत बसता आणि दोन्ही लटकतात. वडिलांच्या पासपोर्टचा अर्ज सोलापुरातल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातून पुण्याला जाईल, पण त्याच्या आधी लागतो जन्मदाखला, आणि खरी मेहनत इथं आहे. १९८४ ला वसाहतीत घरीच जन्मलेल्या पोराची नोंद बहुतेक झालेली नसते. ती नोंद सोलापूर महापालिकेत होणार नाही, जन्म जिथं झाला तिथंच होते, म्हणजे मुंडगोडला जावंच लागणार. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ ला बदल झाला, वर्षाच्या वर उशीर झाला असेल तर आता जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, पूर्वीसारखं कोर्टात जायचं नाही. त्यासाठी मुंडगोडच्या सेंट्रल स्कूलचा पहिलीच्या प्रवेशाचा उतारा, वसाहतीच्या दवाखान्याची नोंदवही, आईवडिलांची जुनी आरसी, जे मिळेल ते गोळा करा. जितका जुना कागद तितका त्याला मान. काल काढलेलं अॅफिडेव्हिट त्यापुढं काहीच नाही.

मुलीचा जन्मदाखला इथल्या महापालिकेचा असेलच, तो काढून त्यावर आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आरसीशी जुळतंय का बघा. तिबेटी नावांत आडनाव नसतं, आणि आपल्याकडच्या फॉर्मात आडनावाची जागा रिकामी सोडत नाहीत, मग कोणीतरी नावाचाच दुसरा अर्धा भाग आडनाव करून टाकतं, दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. हे आत्ताच दुरुस्त करा.

आरसीचं काय, असं तुम्ही विचाराल. भीती अशी असते की आरसी काढली म्हणजे मुलगी परदेशी आहे हे आपणच कबूल केलं. डोलकर यांच्या केसमध्ये सरकारनं असंच म्हटलं होतं की यांनी स्वतःच स्वतःला तिबेटी लिहिलंय. कोर्टानं ते मानलं नाही, जन्मानं मिळालेलं नागरिकत्व असं फॉर्मात काही लिहिल्यानं सोडून दिलं असं होत नाही. म्हणून आईचे कागद तपासून होईपर्यंत मुलीला कागदाशिवाय ठेवू नका, पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांची नोंद बघणारी शाखा आहे, तिथं काय ते करून घ्या, आणि अर्जासोबत एक साधं पत्र द्या की वडील १९८४ चे भारतात जन्मलेले आहेत, मुलीच्या नागरिकत्वाचा हक्क आम्ही राखून ठेवतोय. त्या पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून जुना १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा आलाय, अशा काळात नोंदच नसलेली मुलगी असणं मला धोक्याचं वाटतं. अकरावीच्या फॉर्मातही जे रेकॉर्डवर आहे तेच लिहा, 'भारतीय' लिहिण्याची घाई नको.

अजून एक जण तुम्हाला हमखास सांगणार की ती बौद्ध आहे, सीएएत, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बसेल. नाही बसत. २०१९ ची ती दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीनच देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी आहे. तिबेट त्यात नाही, श्रीलंकेतले तमिळही नाहीत.

तर ती आज स्टेटलेस आहे का? आईचे कागद बघितल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू नये. चीनच्या १९८० च्या कायद्याप्रमाणं परदेशात जन्मलेलं चिनी नागरिकाचं मूल चिनी धरलं जातं, म्हणून कागदावर कोणी म्हणेल की हिला देश आहे की. पण चीनचा पासपोर्ट तिला कोणी देणार नाही, ती मागणारही नाही, त्याला काय देश म्हणायचं. मला जास्त काळजी तिच्या पोरांची आहे. तिचं असंच अधांतरी राहिलं, पुढं तिनं आपल्यासारख्याच २००५-०६ च्या मुलाशी लग्न केलं, तर त्यांच्या लेकराला कलम ३ मधून काहीच मिळत नाही. 'जन्मलेलं मूल नाहीतर स्टेटलेस राहील म्हणून त्याला आमचं नागरिकत्व' अशी सोय १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण भारतानं त्यावर सही केलेली नाही आणि आपल्या कायद्यात तसं कलम नाही. मला वाटतं ते असायला पाहिजे, एका ओळीचं काम आहे आणि कितीतरी लेकरांचं आयुष्य त्यावर आहे.

हे उगीच घाबरवायला सांगत नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या तमिळांचं बघा, १९४८ च्या तिथल्या नागरिकत्व कायद्यानं लाखो माणसं एका फटक्यात कुठल्याच देशाची उरली नाहीत. १९६४ ला शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला, पावणेदहा लाखांपैकी सव्वापाच लाख भारतानं घ्यायचे, तीन लाख त्यांनी, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. त्या 'नंतर बघू'ची वाटणी १९७४ ला झाली, आणि जे तरीही लटकून राहिले त्यांना श्रीलंकेनं कायदा करून नागरिकत्व दिलं ते २००३ ला. मधल्या काळात पिढ्या गेल्या. आणि याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे तमिळनाडूतल्या कॅम्पातली पोरं, त्यांच्यासाठी तिथल्या निर्वासितांच्याच ओफर या संस्थेनं वर्षानुवर्षं बसून जन्मदाखले काढून दिले, श्रीलंकेच्या चेन्नईतल्या कचेरीत नोंदी करून घेतल्या. ज्यांची नोंद झाली त्यांना निदान एक देश राहिला. निर्वासितांच्या बाबतीत मी कागदाच्या एवढा मागं लागतो ते यामुळं.

एक गोष्ट मात्र तुम्ही शेजारी म्हणून समजून घ्या. भारतीय नागरिकत्व घ्यायचं की नाही हा त्या कुटुंबाचा निर्णय आहे. कित्येक तिबेटी घरांत यावर मनापासून वाद होतात, म्हाताऱ्यांना वाटतं की हा पासपोर्ट घेतला म्हणजे परत जायची गोष्टच सोडून दिली, वसाहतीतलं घर, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती याचाही विचार असतो. वडिलांनी नको म्हटलं तर तो हट्ट नाही. पण मुलीला समोर बसवून सगळं सांगा, तिची ही दोन वर्षं परत येणार नाहीत.

आता करायचं काय, तर या रविवारी त्यांच्या घरी बसून आईची आरसी, आईचा कुठलाही जुना शाळेचा कागद आणि आजी-आजोबांचे जन्म कुठले हे एका कागदावर लिहून घ्या. मुलीच्या बाजूनं वकिलाला फी द्यायची ऐपत नसेल तरी अडत नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणं स्त्री किंवा बालक असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. आणि अर्ज फेटाळलाच तर रिटसाठी आता मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा हायकोर्टाच्या कोल्हापूर बेंचकडं आहे. आईची तारीख आणि ठिकाण कळलं की इथं लिहा, नाव-पत्ता टाकू नका, नुसती तारीख आणि ठिकाण पुरे, मग तीनपैकी कुठला रस्ता ते नक्की सांगतो.